रस्ता रुंद करण्याआधी मोजायचे काय?

मुलुंडच्या किंवा भांडुपच्या एखाद्या नाक्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या कागदावर पाच-पाच रेघांचे जुडगे ओढणारी दोन-तीन मुले कधी दिसली तर थोडे थांबून पाहावे. रिक्षा एका रकान्यात, दुचाकी दुसऱ्या, टेम्पो तिसऱ्या. अलीकडे पुष्कळ ठिकाणी हे काम खांबावरचा कॅमेरा करतो, पण तत्त्व तेच. त्या रेघांचा पुढे आकडा होतो, आकड्यावरून वीस वर्षांनंतरचा अंदाज निघतो, अंदाजावरून नकाशा तयार होतो आणि नकाशावरची रस्त्याची रेघ कुणाच्या तरी दुकानाच्या मधोमध जाते. ज्याचे दुकान जाते त्याला नोटीस मिळते, मोबदल्याचा हिशेब मिळतो. तो अंदाज कसा काढला, हे मात्र त्याला सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवे, कारण सगळे घोडे तिथेच अडलेले असते.

मुंबईच्या उपनगरांची रचनाच अशी, की हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित व्हावा. दोन्ही रेल्वेमार्ग उत्तर-दक्षिण धावतात. वस्ती त्यांच्या कडेने वाढली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर मोजकेच जोडरस्ते: सांताक्रूझ-चेंबूर, अंधेरी-घाटकोपर, जोगेश्वरी-विक्रोळी. शेवटच्याला सगळे जेव्हीएलआर म्हणतात. त्याच्या उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. थेट घोडबंदर रस्ता येईपर्यंत ते डोंगर ओलांडणारी वाटच नाही. मुलुंडच्या माणसाला गोरेगावच्या कचेरीत जायचे तर त्याने लोकलने दादरला उतरून गाडी बदलावी, घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी गाठावी, नाहीतर पवईच्या कोंडीत उभे राहावे.

म्हणून चौथा जोडरस्ता होतो आहे, गोरेगाव-मुलुंड. लांबी १२.२ किलोमीटर. त्यातले ४.७ किलोमीटर उद्यानाच्या पोटातून, प्रत्येकी तीन मार्गिकांच्या जुळ्या बोगद्यांतून. दोन्ही टोकांना आज जे रस्ते आहेत ते रुंद करायचे, ४५.७ मीटरपर्यंत, म्हणजे दीडशे फूट. बोगद्यांचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. सांगितलेला फायदा एका ओळीत मावतो: आज ७५ मिनिटे लागतात, उद्या २५ लागतील.

या ओळीत दोन आकडे आहेत. पहिला ‘आज’चा आहे, तो घड्याळ लावून तपासता येतो. दुसरा ‘उद्या’चा आहे. तो उद्या म्हणजे रस्ता सुरू झाल्याचा पहिला सोमवार, की पाच वर्षांनंतरचा सोमवार? रुंदीकरणाचा निर्णय योग्य की अयोग्य, हे बरेचसे या उत्तरावर ठरते.

वाहतुकीचा अंदाज काढण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते तिला चार पायऱ्या असतात, आणि त्या कुणालाही समजतील इतक्या साध्या आहेत. किती जण घरातून निघतील? कुठे जातील? कशाने जातील? कोणत्या वाटेने जातील? पहिल्या प्रश्नासाठी लोकसंख्या, घरे, नोकऱ्या यांचे आकडे लागतात. दुसऱ्यासाठी घरोघरी जाऊन किंवा नाक्यावर गाड्या थांबवून विचारतात, कुठून आलात आणि कुठे निघालात. तिसऱ्यात भाडे, वेळ, घरात गाडी आहे की नाही, याचा विचार होतो. चौथ्यात संगणक ही सगळी माणसे आणि वाहने रस्त्यांच्या जाळ्यावर ओततो आणि कोणती नळी तुंबते ते पाहतो. मोठ्या अभ्यासांत चारही पायऱ्या चढल्या जातात. २००५ ते २००८ या काळात एमएमआरडीएने मुंबई महानगर प्रदेशाचा असा सर्वंकष अभ्यास करून घेतला होता. एखाद्या सुट्या रस्त्याचा प्रश्न असेल तर मात्र सोपी वाट उपलब्ध असते: आजच्या मोजणीला वार्षिक वाढीच्या दराने गुणायचे. बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखे.

या व्याजाच्या दराची गंमत पाहू. मुंबईत नोंदणी झालेली वाहने २०१२ साली २० लाखांच्या आसपास होती; २०२४ मध्ये ती ४५ लाखांच्या पुढे गेली. बारा वर्षांत सव्वादोन पट, म्हणजे वर्षाला जवळजवळ ७ टक्के. हा दर उचलून कोणत्याही रस्त्याला लावला, तर दहा वर्षांत त्यावरची वाहने दुप्पट होतात. कागदावर. पण नोंदणीवहीत वर्षानुवर्षे न हललेल्या गाड्याही असतात, इमारतीखाली कव्हर घालून ठेवलेल्याही असतात. आणि मुख्य म्हणजे, जो रस्ता सकाळी साडेनऊला आधीच तुडुंब भरलेला आहे त्याच्यावरून साडेनऊला ७ टक्के जास्त गाड्या जाणार कशा?

कोंडीचा वेळ काढायला एक जुने सूत्र आहे, अमेरिकेच्या रस्तेखात्याने १९६४ साली दिलेले. वाहने रस्त्याच्या क्षमतेइतकी झाली की प्रवासाचा वेळ १५ टक्क्यांनी वाढतो. त्यापुढे मात्र तो चौथ्या घाताने चढतो. समजा, मोकळ्या रस्त्यावर १० मिनिटांचा टप्पा आहे आणि आज रस्ता क्षमतेइतका भरला आहे: वेळ साडेअकरा मिनिटे. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी सूत्र सांगते सुमारे १७ मिनिटे. ७ टक्के धरली तर सुमारे ३२. वाढीच्या दरात फरक फक्त तीन टक्क्यांचा, पण वेळ जवळजवळ दुप्पट. एका अहवालातून ‘थोडी गैरसोय होईल’ असे निघेल, दुसऱ्यातून ‘हाहाकार माजेल’. दोन्ही गणिते बिनचूक.

पण ते ३२ मिनिटांचे चित्र प्रत्यक्षात कधी उतरतच नाही. रस्त्याच्या क्षमतेच्या दुप्पट वाहने तासाभरात त्यावरून जाऊ शकत नाहीत. शेराच्या मापात दोन शेर मावत नाहीत. मग होते काय? माणसे अर्धा तास आधी निघतात. कुणी लोकल धरतो, कुणी मेट्रो. कुणी कचेरीजवळ भाड्याने राहायला जातो, कुणी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो, कुणी रविवारी बहिणीकडे जाण्याऐवजी फोनवर बोलतो. यातल्या काही गोष्टी सोयीच्या, काही नाइलाजाच्या. पण वाहतूक ही पावसाच्या पाण्यासारखी नाही, की येणार म्हणजे येणारच. तिच्यातला प्रत्येक थेंब रोज सकाळी विचार करून घराबाहेर पडतो.

‘काहीच केले नाही तर’ या मथळ्याखाली अहवालात जे भयंकर चित्र असते ते बऱ्याचदा असे, कधीच न येणारे असते. आणि प्रकल्पाचा फायदा मोजतात तो त्याच्याशी तुलना करून: रुंदीकरणाशिवाय ३२ मिनिटे, रुंदीकरणानंतर १२, वाचली २० मिनिटे. गुणिले रोजचे प्रवासी, गुणिले माणसाच्या तासाची किंमत, गुणिले तीस वर्षे. कोट्यवधी रुपये ‘वाचले’. यातला पहिला आकडा फुगलेला असतो. दुसरा, तो १२ मिनिटांचा, हमखास कमी धरलेला असतो. दोन्ही चुका एकाच दिशेने ढकलतात, रुंदीकरणाच्या.

दुसरा आकडा कमी कसा? इथे जेव्हीएलआरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १०.६ किलोमीटरचा हा रस्ता मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात जागतिक बँकेच्या साहाय्याने रुंद झाला, सहा पदरी झाला. ज्यांनी तो आधी पाहिला होता त्यांना सुरुवातीला मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले. आज सीप्झ ते पवई संध्याकाळी काय होते ते वाचकांना सांगायला नको. ये रे माझ्या मागल्या. मधल्या काळात शहर वाढले हे खरे. पण रस्ता मोकळा आहे म्हणून जे त्यावर आले ते वेगळेच: जे आधी वळसा घालून जात ते आले, जे आधी लवकर निघत ते आता आरामात निघू लागले, जे बसने जात त्यांतल्या काहींनी दुचाकी घेतली, आणि ‘पवईहून अर्ध्या तासात अंधेरी’ या जाहिरातीवर विश्वास ठेवून ज्यांनी घरे घेतली तेही आले.

याला ‘प्रेरित मागणी’ म्हणतात. कल्पना नवी नाही. अँथनी डाऊन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच लिहिले होते, की शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते. ब्रिटनमध्ये सरकारनेच नेमलेल्या एका समितीने १९९४ मध्ये मान्य केले, की नवे रस्ते नवी वाहतूक निर्माण करतात. २०११ मध्ये जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा तिथल्या महामार्गांवर गाड्यांनी कापलेले एकूण अंतर मार्गिकांच्या लांबीच्या जवळजवळ प्रमाणात वाढलेले आढळले. मार्गिका १० टक्के वाढल्या, गाड्यांची धावही साधारण तेवढीच वाढली. अमेरिकेतले प्रमाण मुंबईला जसेच्या तसे लागू होणार नाही. इथे अजून बहुसंख्य घरांत मोटार नाही. पण याचा अर्थ इथे धोका कमी असाही लावता येत नाही. ज्यांच्याकडे आज गाडी नाही, ते उद्याचे गिऱ्हाईक आहेत.

न्यायाने सांगायचे तर, नव्या फेऱ्या म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. मुलुंडच्या मुलीला गोरेगावची नोकरी घेता आली, भांडुपच्या रुग्णाला पश्चिमेकडच्या इस्पितळात वेळेत पोहोचता आले, तर तोही रस्त्याचाच फायदा. फक्त तो ‘२५ मिनिटे’ या नावाखाली विकू नये. रस्ता भरला की २५ मिनिटे राहणार नाहीत. राहील ती वाट, आणि तिच्यावरून कोण जाऊ शकतो हा प्रश्न.

अंदाज उलट्या बाजूनेही कोसळतात, हे अटल सेतूने दाखवले. शिवडी-न्हावाशेवा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा दिवसाला ७० हजार वाहनांची अपेक्षा सांगितली गेली होती. पहिल्या वर्षाची सरासरी २२-२३ हजारांच्या आसपास राहिली. एकेरी फेरीला मोटारीचा पथकर २५० रुपये, आणि पलीकडचे विमानतळ, वसाहती, कचेऱ्या तेव्हा अजून उभ्या राहायच्या होत्या. गाड्या याव्यात तरी कशासाठी? बेंट फ्लुबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले होते. रस्त्यांपैकी निम्म्या प्रकल्पांत अंदाज २० टक्क्यांहून अधिक चुकला होता, कधी वर, कधी खाली. रेल्वे प्रकल्पांत प्रवासी अपेक्षेच्या सरासरी निम्म्यानेच आले होते. म्हणजे मेट्रोवाल्यांनीही फार हसू नये.

मग आकडे फेकूनच द्यायचे काय? नाही. पण ‘२०४१ मध्ये तासाला इतकी वाहने’ असा एकच आकडा कुणी पुढे केला तर त्याला विचारावे, किमान किती आणि कमाल किती? पथकर असेल तर किती, नसेल तर किती? त्याच रस्त्यावर मेट्रो सुरू झाली तर किती? जेव्हीएलआरवर मेट्रो ६ उभी राहते आहे, लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४. बांधकामाचे पत्रे लावून दोन मार्गिका अडवलेल्या असताना केलेली मोजणी ना कालच्या रस्त्याची, ना उद्याच्या. त्या मोजणीवर पुढच्या वीस वर्षांचा निर्णय बेतणे म्हणजे ताप असताना घेतलेल्या मापाचा सदरा शिवणे.

आता थोडे रुंदीकडे वळू. रस्त्याची क्षमता रुंदीवर ठरते ही समजूत इतकी घट्ट आहे, की इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांसाठीची १९९० ची मार्गदर्शिका वाचल्यावर आश्चर्य वाटते. मोटार हे एकक धरून तिने तासाला किती वाहतूक गृहीत धरावी ते दिले आहे. दोन पदरी, दुतर्फा रस्ता: कडेला गाड्या उभ्या नाहीत, दुकानांची थेट दारे नाहीत, आडवी वर्दळ नगण्य, तर १,५००. तोच दोन पदरी रस्ता, कडेला गाड्या उभ्या, दारे उघडी, आडवी वर्दळ भरपूर, तर ९००. रस्त्याची रुंदी तेवढीच, आणि ४० टक्के क्षमता गायब. आता पुढची गंमत. रस्ता चार पदरी केला, दुभाजक नाही, कडेचा गोंधळ मात्र तसाच ठेवला, तर आकडा १,८००. म्हणजे दोन्ही बाजूंची बांधकामे पाडून, रस्ता दुप्पट करून जे मिळते, ते शिस्तीतल्या दोन पदरी रस्त्यापेक्षा अवघे ३०० ने जास्त!

घाटकोपर-कुर्ल्याचा लालबहादूर शास्त्री मार्ग ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना हे आकडे पाठ आहेत, फक्त आकडे म्हणून माहीत नाहीत. जुन्या आग्रा रोडचा हा वारसा शीवपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत जातो. वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी रुंद होत आला आहे, आणि म्हणून कुठे बाटली, कुठे बाटलीचे तोंड असा झाला आहे. रुंद झालेल्या तुकड्यात सर्वांत आधी काय येते? उभ्या केलेल्या गाड्या. महापालिकेने जमीन घ्यायची, डांबर ओतायचे आणि तिथे फुकटात टेम्पो लावायला जागा करून द्यायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय शहरी रस्त्याचा खरा गळा चौकात असतो. हिरवा दिवा तासातली चोवीस मिनिटेच मिळत असेल, तर दोन चौकांमधला रस्ता कितीही रुंद केला तरी पुढे सरकणारी रांग त्या चोवीस मिनिटांचीच. रुंदीकरणाने फक्त वाट पाहायला जास्त जागा मिळते.

आणि ही रुंदी कुणाच्या तरी अंगणातून येते. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या २९७ व्या कलमाने आयुक्तांना रस्त्याची ‘नियमित रेषा’ आखता येते, आणि रेषेच्या आतली जागा पुढे रस्त्यासाठी घेता येते. रेघ आज ओढली तरी रस्ता वीस वर्षांनी होईल किंवा होणारही नाही, पण रेषेत सापडलेल्या चाळीचा पुनर्विकास, दुकानाची विक्री, गाळ्यावरचे कर्ज सगळ्यांवर तिची सावली पडते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या वेळी पुनर्वसनाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मार्च २००६ मध्ये जागतिक बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही महिने थांबवला होता. जेमतेम साडेसहा किलोमीटरचा तो रस्ता वाहतुकीला खुला व्हायला एप्रिल २०१४ उजाडले. अंदाजपत्रकातल्या ‘वाचलेल्या वेळे’त अशा वर्षांचा हिशेब कुठे मांडतात?

मार्गदर्शिकेतले मोटार हे एककही तपासून घ्यावे. वेगवेगळी वाहने एकाच मापात आणायची म्हणून मोटार म्हणजे १ असे धरतात. बसला, तिचे प्रमाण वाहतुकीत किती आहे त्यानुसार, २.२ ते ३.७. रस्त्यावर किती जागा अडते हे सांगायला माप ठीक आहे. पण त्यात माणूस दिसत नाही. मोटारीत सरासरी दीड माणूस धरू, बसमध्ये पन्नास. एक हजार मोटारी म्हणजे दीड हजार माणसे. तेवढ्याच जागेत बसला सर्वांत कडक माप लावले तरी २७० बसगाड्या मावतात, म्हणजे साडेतेरा हजार माणसे. मोजणीच्या कागदावर दोन्हींची बेरीज सारखीच: एक हजार. अशा कागदावरून रस्ता आखला तर तो कुणासाठी आखला जाईल, हे वेगळे सांगायला नको.

एमएमआरडीएच्या त्याच सर्वंकष अभ्यासात आढळले होते, की या महानगरातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायीच होतात, आणि उरलेल्या वाहनांच्या फेऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकल आणि बसने. ते चित्र आता थोडे बदलले असेल, कारण मधल्या काळात बेस्टचा साडेचार हजारांच्या आसपासचा ताफा तीन हजारांच्याही खाली आला. दुचाक्या वाढल्या त्या काही नुसत्या हौसेने नव्हे. थांब्यावर पाऊण तास उभे राहिलेला माणूस हप्त्यावर स्कूटर घेतो. उलट ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा रस्त्याने तास-दीड तास खाणारे अंतर २१ मिनिटांवर आले, आणि सकाळी घाटकोपर स्थानकात चेंगरण्याची तक्रार करत का होईना, रोज चार लाखांहून जास्त लोक त्या ११.४ किलोमीटरवरून जातात. ही २१ मिनिटे गर्दी वाढली म्हणून ४० होत नाहीत. रुंद केलेल्या रस्त्याला असे वचन देता येत नाही.

या स्तंभात आरोग्याची बाजू टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा वर्दळीच्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित होतो, आणि तो धूर मुलांचा दमा बळावण्याला कारणीभूत ठरतो, असा निष्कर्ष निघाला. आपल्या उपनगरांत एवढ्या पट्ट्यात अख्खा वॉर्ड येतो. रुंदीकरणात रस्ता खिडकीच्या जवळ सरकतो आणि मधली झाडे जातात. गोरेगाव-मुलुंडसाठी चित्रनगरीच्या बाजूची ९५ झाडे तोडण्याची परवानगी २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयातून घ्यावी लागली. रस्त्याकडेच्या एकट्यादुकट्या झाडासाठी तेवढे कुणी भांडत नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. दोन पदरी, सात मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालणारा धडधाकट माणूस सहा सेकंदांत ओलांडतो. गुडघे दुखणाऱ्या आजी ०.८ मीटरने चालतात असे धरले तर त्यांना नऊ लागतात. सहा पदरी रस्ता दुभाजकासह साडेबावीस मीटर: तरुणाला एकोणीस सेकंद, आजींना अठ्ठावीस. पादचाऱ्यांचा दिवा वीस सेकंदांचा असेल तर आजी तिसऱ्या मार्गिकेच्या पुढे कुठेतरी असताना गाड्या सुटतात. मग त्या पलीकडच्या भाजीवाल्याकडे जाणेच सोडतात. अशा न झालेल्या फेरीची नोंद कोणत्याही मोजणीत होत नाही. सकाळचे चालणे बंद झाले की साखर वाढते, ती मात्र डॉक्टरांच्या कागदावर दिसते.

गोरेगाव-मुलुंड रस्ता होऊ नये असे माझे म्हणणे नाही. डोंगराच्या दोन बाजूंना राहणाऱ्या लाखो लोकांना सरळ वाट नाही, ही उणीव खरी आहे आणि कोणतीही सिग्नलची शिस्त ती भरून काढणार नाही. पण तीन मार्गिकांपैकी एक पहिल्या दिवसापासून बससाठी राखून ठेवली, तर बाकीच्या दोन भरल्यानंतरही मुलुंडहून गोरेगावला २५ मिनिटांत पोहोचण्याची सोय शिल्लक राहील. नंतर, गाड्यांची सवय झाल्यावर, ती मार्गिका काढून घेणे कुठल्याच सरकारला जमत नाही. याउलट वॉर्डातल्या बाजाररस्त्याचे रुंदीकरण, जिथे पदपथ कापून मार्गिका वाढवायची आहे आणि पुढचा चौक तसाच राहणार आहे, तिथे आधी उभ्या गाड्या हटवाव्या, बस थांब्यांची जागा आणि सिग्नलच्या वेळा बदलाव्या, सहा महिने थांबून पुन्हा मोजावे. कलम २९७ ची ती ४० टक्के क्षमता मिळवायला गरज पडत नाही. वाहतूक पोलीस आणि ठाम वॉर्ड अधिकारी पुरतात. तेवढेच दुर्मीळ आहेत, हे मान्य.

रस्त्याची नवी नियमित रेषा ठरवण्याआधी महापालिकेला जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. त्या हरकतींत बहुतेक जण ‘माझे दुकान वाचवा’ एवढेच लिहितात, आणि ते साहजिक आहे. त्याखाली आणखी चार ओळी लिहायला हरकत नाही: मोजणी कोणत्या महिन्यात केली आणि तेव्हा मेट्रोचे पत्रे होते का, वाढीचा दर किती धरला आणि तो दोन टक्क्यांनी कमी असता तर निष्कर्ष बदलला असता का, रस्त्यावरून तासाला किती माणसे जातात, पायी चालणारी धरून, आणि रस्ता रुंद झाल्यावर तीन वर्षांनी पुन्हा मोजून तो आकडा कुठे लावणार आहात.